अर्धा सूर चढी

अहो,

आज दुपारी तुमचा रेकॉर्ड प्लेअर मी उघडला. "त्याला हात लावू नकोस, तुला जमायचं नाही," हे तुमचं वाक्य कानात होतं, तरी उघडला. तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले. आत जे दिसलं त्याने मी इतकी चिडले, की मोरीत जाऊन घासलेलीच भांडी परत घासत बसले. मग ही वही घेतली. ब्लाउजच्या मापांची वही आहे, मागची पानं कोरी होती. तुमच्यासमोर मला एक वाक्य कधी धड पुरं करता आलं नाही. इथे तुम्ही मधे बोलू शकत नाही, एवढं एक बरं आहे.

आत काय दिसलं ते सांगते. पण आधी माझं सांगायला हवं, कारण आधी चूक मी केली.

भाईंदरला राहायला आलो तो दिवस तुम्हाला आठवत असेल. परळच्या चाळीतून टेम्पोत भरून आणलेलं सामान दारातच पडलं होतं, आणि तुम्ही सगळ्यात आधी हा प्लेअर मांडायला घेतलात. मी म्हटलं, "अहो, आधी स्टोव्ह ठेवायला जागा करा." तुम्ही म्हणालात, "स्टोव्ह जमिनीवर पण पेटतो." फोर्टातल्या त्या परदेशी लायब्ररीने रेकॉर्ड मोडीत काढून कॅसेटी आणल्या, तेव्हा साहेबाला विचारून तुम्ही हा प्लेअर आणि अकरा रेकॉर्ड घरी आणले होते; चाळीत जागा नव्हती, तिथे ते बांधलेलेच राहिले. वीस वर्षं तुम्ही तिथल्या गाण्याच्या खोलीचे शिपाई. रेकॉर्ड पुसायचे, लावायचे, सुई नीट पडली का हे मिनिटभर ऐकून बघायचं, आणि मग आवाज साहेबलोकांच्या कानातल्या यंत्रात सोडायचा. ते डोळे मिटून ऐकायचे आणि तुम्ही त्यांच्याकडे बघत उभे राहायचात. अख्खी सातवी सिंफनी तुम्ही पहिल्यांदा ऐकलीत ती भाईंदरला, बोचक्यांच्या मधे बसून. मी उभी होते तर मला हाताला धरून खाली बसवलंत आणि म्हणालात, "डोळे मिट. आता लांबून माणसं चालत येतील बघ."

आली हो माणसं. खालच्या सुरात, सगळी एका चालीने. मग त्या चालण्यावर दुसरा एक सूर येऊन बसला, त्याला कसलीच घाई नव्हती. मला रडू आलं. तुम्ही डोळे मिटले होते, तुम्हाला दिसलं नाही.

त्यानंतर मला शेजारी कधी बसवलं नाहीत. का, ते मला माहीत नाही. बहुतेक तुमच्या लक्षात आलं नसेल.

त्या सगळ्या सिंफन्यांना तुम्ही नंबराने ओळखायचात. पाचवी, सहावी, सातवी. मी एकदा म्हटलं, "या घरात सगळी भरती माझ्या वरच्या वर्गाची. मी आपली चौथी पास." तुम्ही पोट धरून हसलात, आल्यागेल्याला सांगितलंत. मला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी पाकिटावरच्या चित्राने ओळखायचे. सातवीच्या पाकिटावर डोळे मिटलेला, एक हात वर धरलेला म्हातारा होता, वाजवणाऱ्यांच्या पुढे उभा राहून त्यांना हाकतो तो. शेजारच्या हंसाबेन दारातून विचारायच्या, "भाभी, आज किसकी बारात है?" मी म्हणायचे, "सातवी की." त्या म्हणायच्या, "दूल्हा बहुत लेट आता है तुम्हारा."

मग वर्षभराने सासूबाई आजारी पडल्या आणि तुम्ही दीड महिना गावी गेलात. आपली वैशू कॉलेजला जायची. दुपारी घरात मी, माझं शिलाई मशीन आणि तो प्लेअर. मला सातवी एकदा एकटीने ऐकायची होती. स्वयंपाकघरातून नाही, तुमच्या खुर्चीत बसून. तुम्ही सुई कशी ठेवता हे मी दारातून इतक्या वेळा बघितलं होतं की ती पहिल्याच खेपेला नीट टेकली. लावली. माणसं चालत आली. आणि मधेच त्यांची चावी संपावी तशी ती हळू झाली, आवाज घोगरा झाला, आणि थांबली.

वरची थाळी उचलून बघितलं. खालचा रबरी पट्टा चघळलेल्या च्युइंगमसारखा मऊ होऊन तुटून पडला होता. आपल्या मागे मिठागरं आहेत, ती हवा रबर खाते, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला वाटलं, मीच तोडला.

त्या वेळी माझ्याकडे शाळेच्या मुलींच्या पी.टी.च्या चड्ड्यांचं काम होतं. इलॅस्टिकचं अख्खं बंडल घरात पडलेलं. तुटलेल्या पट्ट्याचे तुकडे जोडून माप घेतलं, तेवढं इलॅस्टिक कापलं. टोकावर टोक ठेवलं असतं तर तिथे उंचवटा आला असता, म्हणून टोकाला टोक भिडवून पांढऱ्या दोऱ्याने बारीक टाके घातले, वरून इस्त्री फिरवली. बसवला. प्लेअर फिरायला लागला, तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की मी उभ्यानेच हात जोडले.

पण सातवी तशी नव्हती राहिली. इलॅस्टिक रबरापेक्षा जाड. त्याने थाळी जरा जास्त जोरात फिरत होती. सूर चढला होता. थोडाच, पण मला लगेच कळलं. ती चालणारी माणसं आता पाय उचलून चालत होती, कुणीतरी मागून "चला, चला" म्हणत असल्यासारखी. मी ठरवलं, तुम्ही आलात की सांगायचं. तुम्ही बाजारातून खरा पट्टा आणाल, दोन शब्द बोलाल, विषय संपेल. वाक्य पाठ करून ठेवलं होतं: अहो, तुम्ही नसताना माझ्याकडून पट्टा तुटला.

तुम्ही आलात. अंघोळ केलीत, चहा तसाच ठेवलात आणि सातवी लावलीत. मी दाराच्या मागे वाक्य तोंडात धरून उभी. तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "बघितलंस? दीड महिना विश्रांती मिळाली तर कशी टवटवीत झाली. आवाजात जीव आलाय."

आता मी काय सांगणार होते? की हा जीव शाळेच्या मुलींच्या चड्डीच्या इलॅस्टिकचा आहे? तो शब्दसुद्धा मला तुमच्यासमोर उच्चारता आला नसता. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, तरी माझे आतले कपडे मी दोरीवर टॉवेलखाली वाळत घालायचे. म्हटलं उद्या सांगू. त्या उद्याला आता आठवं वर्ष चालू आहे.

पास्कलभाऊ आपल्याकडे यायला लागले ते त्यानंतर. उत्तनचे, चर्चमध्ये आणि लग्नाच्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवणारे. खारीगावात कुणाची बाजाची पेटी दुरुस्त करायला आले होते आणि रस्त्यावर आपल्या खिडकीखाली उभे राहून ऐकत होते. तुम्ही वरून हाक मारलीत. मग दर रविवारी यायला लागले, एका हातात व्हायोलिनची पेटी, दुसऱ्या हातात माझ्यासाठी सुक्या बोंबलांची पुडी. पहिल्याच दिवशी त्यांनी सातवीबरोबर वाजवायला घेतलं आणि थांबले.

"मास्तर, ही प्लेट चढी हाय. अर्धा सूर तरी."

"परदेशातले लोक असेच चढे लावतात," तुम्ही म्हणालात. एकदम साहेबासारखे म्हणालात.

त्यांनी वाद घातला नाही. व्हायोलिनच्या खुंट्या पिळल्या, तारा वर चढवल्या आणि तुमच्या प्लेटला जाऊन मिळाले. जाताना परत तारा उतरवल्या, कारण संध्याकाळी चर्चमध्ये वाजवायचं होतं. दर रविवारी तेच. आल्यावर चढवायच्या, जाताना उतरवायच्या. पाहुण्याने दारात चपला काढाव्यात आणि जाताना घालाव्यात, तसं. आणि मी चहा गाळत हे सगळं बघत असायचे.

मला वाटायचं, त्या वेळी तरी सांगावं. पण जगात ते एकटे तुम्हाला मास्तर म्हणायचे. लायब्ररीत तुम्ही "अरे" होतात, नाहीतर टेबलावरची घंटी. रविवारी तुम्ही खुर्चीत टेकून बसायचात, एक बोट वर करून म्हणायचात, "आता ऐक, आता बासऱ्या येतील," आणि ते मान डोलवायचे. त्यात मी इलॅस्टिक कुठे आणणार?

मग वैशू नोकरीला लागली. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा तिने सीडी प्लेअर आणला, आणि तुम्हाला माहीत नसताना दुकानात विचारून विचारून एक सीडी शोधून आणली. वर तोच डोळे मिटलेला म्हातारा, फक्त तळहाताएवढा झालेला. "बाबा, हीच तुमची सातवी," ती म्हणाली. "तेच वाजवणारे, तेच रेकॉर्डिंग. कंपनीने मूळ टेप बाहेर काढून, साफ करून परत बाजारात आणलंय. रीमास्टर म्हणतात त्याला." तुम्ही हात लावायच्या आधी साबणाने हात धुऊन आलात. रविवार होता, पास्कलभाऊ आलेले, नेहमीसारख्या तारा चढवून बसलेले.

पहिल्या सुरालाच तुमचा चेहरा पडला.

मी भाकरीचं पीठ मळत होते. ही ती होती. बोचक्यांमधे ऐकलेली, मी तोडायच्या आधीची. तीच चाल, तेच वजन, कुणी मागून ढकलत नव्हतं. इतक्या वर्षांनी माहेरचं माणूस दारात उभं राहावं तसं झालं. घरात चार माणसं होतो, आणि तिला ओळखणारी मी एकटी. माझे हात पिठात.

"बंद कर," तुम्ही वैशूला म्हणालात. "हिला काय झालंय? जीव काढलाय यांनी हिचा. पळणाऱ्या माणसाला काठी टेकत चालायला लावलंय. साफ करता करता सूर उतरवलाय."

पास्कलभाऊंनी तेवढ्यात तारा उतरवल्या होत्या, चर्चच्या सुराला आणल्या होत्या. वैशूला म्हणाले, "पोरी, ऱ्हाव दे जरा." चार सूर वाजवले. सीडीला बरोब्बर मिळाले. ते हसले, त्यांना वाटलं तुम्हालाही गंमत वाटेल. "मास्तर, ही बरोबर हाय. तुमचीच प्लेट चढी चालते. पयल्याच दिवशी सांगलता मी."

"वीस वर्षं मी या रेकॉर्डा पुसल्यात."

"पुसल्यात, न्हाय कोन बोलतो? पन मशीन तपासून बगा ना एकदा."

"वरातीत बेंडबाजा वाजवणाऱ्याने मला शिकवायची गरज नाही."

वैशूने सीडी बंद केली. मी पिठाच्या हाताने दारात आले. तोंड उघडलं. "अहो, ते पट्ट्याचं..."

"तू आत जा. तुला काय कळतंय यातलं?"

आणि मी आत गेले. मी का आत गेले हो? माझ्या तोंडात वाक्य होतं. अर्धं बाहेर आलं होतं. आणखी चार शब्द, आणि तो माणूस आपल्या दारातून तसा गेला नसता. त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं, कडी लावली, स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "बाय, येतो." तुम्हाला काही बोलले नाहीत. बोंबलांची पुडी टेबलावर राहिली. मी ते बोंबील केले, तुम्ही खाल्लेत. "मीठ जास्त झालंय," म्हणालात.

पुढचे दिवस मला आठवायलासुद्धा नको वाटतात. तुम्ही सीडीच्या कंपनीला तक्रारीची पत्रं लिहायला घेतलीत. इंग्रजीतून, डिक्शनरी बघून, चार पत्रं. पुरावा हवा म्हणून मला स्टुलावर बसवून हातात घड्याळ दिलंत. आधी रेकॉर्ड, मग सीडी, एक एक भाग किती मिनिटांचा ते मोजायचं. मला म्हणालात, "तू फक्त काटा बघ. ऐकू नकोस."

ऐकू नकोस! या एका वाक्यावरून मी तुमच्याशी जन्मभर भांडू शकते, आणि आता ते भांडण मला एकटीलाच करावं लागणार आहे. मी काटा बघितला आणि ऐकलं पण. दर भागाला सीडी अर्ध्या मिनिटाने जास्त भरली. "बघ," तुम्ही म्हणालात, "अर्धं मिनिट ताणलीय चोरांनी." ते अर्धं मिनिट खाल्लं होतं माझ्या इलॅस्टिकने, रेकॉर्डच्या बाजूने. कंपनीकडून एक छापील कार्ड आलं, आपण दाखवलेल्या आवडीबद्दल आभार. दुकानात विचारायला गेलात तर काउंटरवरचा म्हणाला, "अंकल, प्लेअर चेक करवा लो." वैशू पण तेच म्हणाली, तर तिच्याशी दोन दिवस बोलला नाहीत. मी एकदा धीर करून म्हटलं, "पास्कलभाऊंना बोलवा ना." तुम्ही म्हणालात, "त्याने आधी माफी मागावी."

त्या भल्या माणसाने कशाची माफी मागायची होती, सांगा बरं.

ते तुमच्या अंत्ययात्रेला आले होते. वैशूने बघितलं. सगळ्यांच्या मागे, टोपी हातात घेऊन उभे होते आणि कुणाशी न बोलता निघून गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आले नाहीत. त्या दिवशी तुमच्या ऑफिसातले एक साहेब उठून तुमच्याबद्दल चांगलं बोलले. मी मान खाली घालून बसले होते आणि मनात एकच चाललं होतं, की ज्याने तुम्हाला मास्तर म्हटलं तो इथे नाही, आणि त्याला कारण मी आहे. ठरवलं, उत्तनला जायचं आणि खरं सांगायचं. मला सांगता येणार नाही हे माहीत होतं, म्हणून पट्टाच काढून नेऊन त्यांच्या हातात ठेवू म्हटलं. त्यासाठी आज प्लेअर उघडला.

पट्टा माझाच होता. पिवळा पडलेला. माझ्या बारीक पांढऱ्या टाक्यांतले निम्मे तुटले होते, आणि त्यांच्यावर काळा दोरा होता. बटणाचा जाड दोरा, पाच-सहा वेडेवाकडे फेरे, आणि गाठ बाहेरून. अशी गाठ या घरात एकच माणूस मारायचा. तुमच्या शर्टाची बटणं तुम्ही स्वतः लावायचात आणि मी म्हणायचे, "अहो, गाठ आतून मारायची, बाहेर दिसते, घासून सुटते." तुम्ही म्हणायचात, "सुटली की परत लावू."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

आता एकेक आठवतंय. गेल्या पावसाळ्यात प्लेअर दोन दिवस बंद होता. "मोटर तापते," म्हणालात. मी बाजारातून आले तर तुम्ही माझ्या मशीनच्या खणाशी उभे होतात. "सुई शोधत होतो, बटण तुटलंय." बटण तुटलेला शर्ट मला कुठे सापडला नाही. त्यानंतर कंपनीला पत्र गेलं नाही. पाचवं अर्धं लिहून कपाटात पडलं आहे, मला वाटलं तुम्ही दमलात. आणि मग दोन रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, "जरा उत्तनला जाऊन येतो," म्हणून निघालात, आणि दोन्ही वेळा अर्ध्या तासात परत. "बस मिळाली नाही." मी मनात म्हटलं, चला, राग निवळतोय. काही विचारलं नाही. मी कधी काही विचारते का?

पट्टा बघितलात, इलॅस्टिक बघितलंत, माझा टाका ओळखलात. आणि एक शब्द नाही! ओरडला का नाहीत? मला समोर उभं करून, "हे काय केलंस?" असं का नाही विचारलंत? मी लगेच सगळं सांगितलं असतं. माझं ओझं उतरलं असतं. फोर्टातला बाजार तुमच्या पायाखालचा. खरा पट्टा आणून बसवायचा होतात. ते न करता बसलात आणि माझंच इलॅस्टिक शिवलंत. मला वाईट वाटू नये म्हणून? का तुम्हाला ती चढीच गोड वाटत होती म्हणून? का खरा पट्टा लावला तर पास्कलभाऊ खरे ठरतील म्हणून? यातलं कुठलं ते कळलं असतं तर किती चिडायचं हे मला ठरवता आलं असतं. दीड खोलीच्या घरात एका पट्ट्यावर दोघं गप्प बसलो. मला बोलता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण तुम्हाला तर येत होतं.

आता पुरे करते. पाणी यायची वेळ झाली.

* * *

वर लिहिलेलं परत वाचलं नाही. पुढचं लिहिते. आज रविवार.

गुरुवारी उत्तनला गेले. एकटी. वैशू म्हणाली मी येते, तिला नको म्हटलं. स्टेशनच्या पलीकडून बस मिळाली. मिळते हो. चर्चच्या आधी उतरले, बोंबील वाळत घातलेल्या दांड्यांच्या मधून चालत विचारत गेले. पास्कलभाऊ ओटीवर दुरुस्तीची एक बाजाची पेटी उघडून बसले होते. मला बघून उठलेच.

"बाय! तुमी? एकट्या आलात?"

पाठ केलेलं सगळं विसरले. रुमालातला पट्टा काढून त्यांच्या हातावर ठेवला. म्हटलं, "हा प्लेअरचा पट्टा. जुना तुटला तेव्हा मी शिवला. तुम्ही आमच्याकडे यायच्या आधीच. तुमचं बरोबर होतं. मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं." एका दमात एवढं मी परक्या पुरुषाशी आयुष्यात बोलले नाही.

त्यांनी पट्टा ओढून बघितला. "ह्यो कशाचा म्हनायचा?"

मी खाली बघितलं. "शाळेच्या मुलींच्या... पी.टी.च्या..."

"चड्डीचा?"

आणि ते असे हसले की आतून त्यांची बायको धावत आली. "अगो आयक, मास्तरांची ती इलायती सातवी चड्डीच्या इलॅस्टिकवर नाचत व्हती! अन मी येडा दर रविवारी तारा चढवतो हाय!" ती पण हसली. मग मी पण हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. हसताना त्यांना तो काळा दोरा दिसला.

"ह्यो दोरा?"

"ह्यांचा."

हसू थांबलं. त्यांनी अंगठ्याने ती गाठ चाचपली. "म्हंजे मास्तरना ठावं व्हतं."

"गेल्या पावसाळ्यापासून."

"मंग आला का न्हाय?"

"दोनदा निघाले होते. बस मिळाली नाही."

"उत्तनची बस?" ते म्हणाले. "रविवारची?" आणि पट्टा माझ्या हातात परत देऊन समुद्राकडे तोंड करून बसले. मला बरं वाटलं. तुमच्यावर चिडलेलं आणखी एक माणूस भेटलं.

आज दुपारी ते आले. हातात पेटी, दुसऱ्या हातात पुडी. हंसाबेन दारातून म्हणाल्या, "भाभी, बारातवाले आ गये." मी पट्टा सकाळीच परत बसवून ठेवला होता. चहा देऊन आत जायला निघाले, तर म्हणाले, "बाय, बसा." बसायला तुमची खुर्ची तेवढी रिकामी होती. बसले.

"काय लावू? शीडी का प्लेट?"

मी म्हटलं, "प्लेट."

त्यांनी व्हायोलिन काढलं, खुंट्या पिळल्या, तारा अर्धा सूर वर चढवल्या. मग सुई ठेवली. माणसं चालत आली, पाय उचलून, घाईघाईने. ते हळू आवाजात त्यांच्याबरोबर वाजवत राहिले. मी डोळे मिटले नाहीत. तुमच्या चपला अजून दाराशीच आहेत, त्यांच्याकडे बघत बसले.

संपल्यावर त्यांनी विचारलं, "कसा वाटला, बाय?"

हे मला या घरात कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "घाईत आहे. सीडीवरची बरोबर आहे."

"हाय ना?" ते म्हणाले. "मंग ही का लावली?"

मी म्हटलं, "आणखी चहा ठेवते," आणि उठले.

आता ते गेले. ऐकताना मला प्रत्येक फेऱ्याला एक बारीक ठेच लागल्यासारखं जाणवत होतं, म्हणून पट्टा काढून बघितला. तुमचा टाका सैल झाला आहे. बाहेरून मारलेली गाठ घासून घासून सुटायला आली आहे. किती वेळा सांगितलं होतं. सगळं उसवून पहिल्यापासून नीट शिवावं म्हणून कात्री पण हातात घेतली होती. नाही उसवलं. तुमच्या काळ्यावरूनच एक पांढरा टाका घालते आहे. गाठ आतून.